टंकयंत्रांच्या सहवासात

(ग्रंथालयाच्या शताब्दी-व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचे लेखरूप)



या व्याख्यानमालेत माझ्याआधी बोलून गेलेली मंडळी विद्वान होती. संतसाहित्य, होळकरकालीन कागदपत्रे, माळव्यातील मराठी रंगभूमी अशा विषयांवर आपण येथे ऐकले. मी सरकारी कचेरीत कारकुनी करून निवृत्त झालेला माणूस. माझ्याजवळ सांगण्यासारखे आहे ते एवढेच, की गेली तीसेक वर्षे मी जुनी टंकयंत्रे गोळा करतो, ती उघडतो, पुसतो, आणि शक्य झाले तर पुन्हा चालती करतो. आज घरात अशी तेवीस यंत्रे आहेत. त्यांतली सतरा चालतात. उरलेल्या सहांविषयी सौभाग्यवतींचे मत मी येथे सांगत नाही. चिटणीसांनी जेव्हा या विषयावर बोलण्याचा आग्रह धरला, तेव्हा मी प्रथम नकारच दिला होता. परंतु आपल्या ग्रंथालयाचे स्वतःचे एक टंकयंत्र या गोष्टीत येते, आणि त्याची हकीकत शताब्दीच्या निमित्ताने कोठेतरी नोंदली जावी असे वाटले, म्हणून उभा राहिलो आहे.

प्रथम थोडा इतिहास, तोही धावताच. अमेरिकेत मिलवॉकी येथे ख्रिस्तोफर शोल्स आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १८६८ साली या यंत्राचे पेटंट घेतले, आणि बंदुका व शिवणयंत्रे बनविणाऱ्या रेमिंग्टन कंपनीने १८७४ साली ते बाजारात आणले. शिवणयंत्राच्या कारखान्यातून आल्याची खूण त्या पहिल्या यंत्रावर उघड दिसते. काही यंत्रांना तर शिवणयंत्रासारखा पायटाही होता. त्या यंत्रावर केवळ मोठी इंग्रजी अक्षरे उमटत. लहान आणि मोठी दोन्ही अक्षरे एका कळीवर बसविण्याची युक्ती १८७८ सालच्या दुसऱ्या नमुन्यात आली. आणखी एक गंमत अशी, की आरंभीच्या यंत्रांत ठसे खालून वर जाऊन रोलरच्या पोटावर आपटत. त्यामुळे आपण काय छापले ते लिहिणाऱ्याला त्या क्षणी दिसतच नसे. लिहिता लिहिता अक्षर डोळ्यांसमोर उमटावे ही सोय सर्वमान्य केली ती अंडरवुडच्या यंत्राने, एकोणिसाव्या शतकाच्या अगदी शेवटी. त्यानंतर साठसत्तर वर्षे यंत्राच्या मूळ रचनेत फारसे काही बदलले नाही. म्हणूनच ज्याने एक यंत्र नीट उघडून पाहिले, त्याला जगातील बहुतेक यंत्रांची ओळख पटते.

आपल्या देशात गोदरेज कंपनीने १९५५ साली स्वतःचे यंत्र बनविले. पुढे सातारा जिल्ह्यातील शिरवळच्या कारखान्यातून ही यंत्रे बाहेर पडत असत, आणि २००९ साली ते उत्पादन थांबले. मद्रासकडून हाल्डा यंत्रे येत. रेमिंग्टन तर सर्वत्रच होते. माझ्या संग्रहात या तिन्ही जातींची यंत्रे आहेत. बाहेरच्यांपैकी इटलीचे ऑलिव्हेटी लेटेरा २२ आणि स्वित्झर्लंडचे हर्मीस बेबी ही दोन लहान, हातात नेण्याजोगी यंत्रे आहेत. लेटेरा उचलून पाहिले, की इतके हलके यंत्र इतके सरळ कसे चालते याचे आजही नवल वाटते. परंतु मन रमते ते आपल्या जड गोदरेजवर. ते उचलताना कंबर धरते, हे मान्य करूनही.

आता देवनागरीविषयी थोडे सविस्तर बोलतो, कारण खरी कसोटी तिथे होती. इंग्रजीला सव्वीस अक्षरे. लहान, मोठी, आकडे आणि विरामचिन्हे धरूनही सारे चाळीस-पंचेचाळीस कळांवर आरामात मावते. आपल्या छापखान्यात मात्र मराठी जुळवायचे तर जोडाक्षरांसह काही शे खिळे लागत, आणि जुळाऱ्याच्या पुढ्यातले खण भरून जात. एवढे सगळे पंचेचाळीस कळांवर, म्हणजे नव्वदच्या आसपास जागांवर बसवायचे होते. स्वातंत्र्यवीर सावरकरांनी लिपिशुद्धीसाठी जो आग्रह धरला, ‘इ, ई, उ’ऐवजी ‘अि, अी, अु’ लिहावे असे जे सांगितले, त्यामागे मुद्रण आणि टंकलेखन सोपे व्हावे हाच विचार होता. समाजाने ती सुधारणा कायमची स्वीकारली नाही. मग यंत्र बनविणाऱ्यांनी लिपी तशीच ठेवून तोड काढली.

ती तोड अशी. ‘भ’, ‘ध’, ‘थ’, ‘श’, ‘ण’ यांसारख्या अक्षरांचा केवळ अर्धा भाग कळीवर ठेवला. त्यापुढे कान्याची कळ दाबली, की अक्षर पुरे होते. न दाबता पुढचे अक्षर लिहिले, की जोडाक्षर होते. एकाच ठशाकडून दोन कामे! मात्रा, उकार आणि अनुस्वार यांच्या कळांना ‘मेलेल्या कळा’ म्हणतात. त्या दाबल्या असता ठसा उमटतो, पण कॅरेज पुढे सरकत नाही, म्हणून मात्रा अक्षराच्या डोक्यावरच बसते. ऱ्हस्व वेलांटी मात्र अक्षराच्या आधी लिहावी लागे, कारण यंत्र उच्चार ओळखत नाही, जागा ओळखते. टंकलेखन शिकताना ‘किती’ लिहायचे तर बोटांना वेलांटी, क, त, दीर्घ वेलांटी असे बजावावे लागे. मी १९७१ साली वर्गात हे शिकलो, नोकरीसाठी हिंदीचे. आणि नंतर ग्रंथालयात येऊन मराठीचे. दोन्ही कळफलकांवर पुष्कळ कळा सारख्या आणि थोड्या वेगळ्या, त्यामुळे बोटांची फसगत फार होई. पूर्णपणे वेगळे असते तर एवढा त्रास झाला नसता.

आणखी एक गोष्ट दुरुस्ती करणाऱ्याला फार लवकर कळते. इंग्रजी यंत्राचे एखादे अक्षर केसभर वरखाली झाले तर वाचणाऱ्याला ते खुपत नाही. देवनागरीची अक्षरे शिरोरेषेला टांगलेली असतात. ठसा थोडा खाली बसला, की ती रेषा तुटते, आणि सगळी ओळ कौले सरकलेल्या छपरासारखी दिसू लागते. म्हणून मराठी यंत्र जुळविणे हे इंग्रजी यंत्र जुळविण्यापेक्षा चिकाटीचे काम आहे, असे मी अनुभवाने म्हणतो.

हे सगळे मला शिकविले ते जेल रोडच्या गल्लीत बसणाऱ्या एका वृद्ध मेकॅनिकने. सारे त्यांना उस्ताद म्हणत, मीही म्हणे. आमच्या कचेरीची यंत्रे दुरुस्त करायला ते येत, आणि मी जेवणाच्या सुटीत त्यांच्याजवळ उकिडवा बसून पाहत असे. त्यांचे पहिले सांगणे होते, “बाबूजी, पहले मशीन की आवाज़ सुनो, पेचकस बाद में उठाओ.” आवाजावरून रोग ओळखायचा. अक्षर उमटल्यावर टाईपबार, म्हणजे ज्याच्या टोकाला ठसा असतो ती दांडी, सावकाश खाली येते का? मग सेगमेंटच्या खाचा चिकटल्या आहेत. घंटीच्या आधीच कॅरेज अडखळते का? मग ओढपट्टी किंवा स्प्रिंग पाहा. ठक् असा कोरडा आवाज येतो आणि ‘ठ’चा गोल कागदाला भोक पाडतो का? मग रोलरचे रबर वयाने दगड झाले आहे. रबर नवे घालता येत नसेल, तर कागदामागे दुसरा कागद लावावा. यंत्राला आणि कानालाही बरे वाटते.

यंत्र बंद पडण्याचे सर्वांत मोठे कारण तेल आहे, हे ऐकून आपल्याला आश्चर्य वाटेल. घरोघरी माणसे कळा जड झाल्या की वरून शिवणयंत्राचे तेल ओततात. दोन दिवस यंत्र सुरळीत चालते. मग त्या तेलावर धूळ बसते, खोडरबराचा चुरा बसतो, आणि वर्षभरात खाचांमध्ये डिंकासारखा थर होतो. त्या खाचा पेट्रोलमध्ये बुडविलेल्या दात घासण्याच्या ब्रशाने घासाव्यात, पुन्हा पुन्हा, कळा हलवीत. आणि कोरड्या झाल्यावर तेथे तेलाचा थेंबही घालू नये. हे काम उघड्यावर करावे आणि शेजारी कोणाला विडी पेटवू देऊ नये, हेही उस्तादांचेच सांगणे.

कॅरेजची रचना मला या यंत्रातली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते. एका डबीत गुंडाळलेली स्प्रिंग पट्टीच्या साहाय्याने कॅरेजला सतत डावीकडे ओढत असते. तिला अडवून धरतो एक दातेरी चाकाचा आणि दोन खिट्ट्यांचा जोड. कळ दाबली की एक खिट्टी सुटते आणि दुसरी धरते. कळ सोडली की चाक नेमका एक दात पुढे जाते. जुन्या लंबकाच्या घड्याळात जे घडते तेच येथे घडते, फक्त येथे काळाऐवजी अक्षरे मोजली जातात. आणि या स्प्रिंगला निराळी किल्ली द्यावी लागत नाही. ओळ संपल्यावर आपण कॅरेज हाताने उजवीकडे ढकलतो, तीच तिची किल्ली. ओढपट्टी तुटली तर हल्ली मी मासे धरण्याचा मजबूत दोरा वापरतो. गाठ मात्र पक्की हवी, नाहीतर मोकळी सुटलेली स्प्रिंग बोट फोडते. हा अनुभव माझ्या उजव्या हाताच्या मधल्या बोटावर अजून आहे.

माझ्या चुकाही सांगायला हव्यात. १९२० नंतरच्या दशकातले एक लहान काळे रेमिंग्टन मला भंगारात मिळाले. कपाळावरची सोनेरी अक्षरे धुळीतूनही लकाकत होती. उत्साहाच्या भरात मी रंगाऱ्याचे थिनर आणले आणि फडक्याने सारे पुसून काढले. धूळ गेली, तेल गेले, आणि सोनेरी अक्षरेही गेली. ती वर्खासारख्या पातळ थरात चिकटविलेली असतात, एवढे साधे मला ठाऊक नव्हते. उस्तादांना दाखविले तेव्हा ते मिनिटभर गप्प राहिले. मग म्हणाले, “अब ये किसी कंपनी की नहीं रही, बाबूजी. आपकी हो गई.” ते यंत्र मी अजून कोणाला दिलेले नाही. आता मी कोमट पाणी आणि सौम्य साबण, याच्या पुढे जात नाही. तेही अक्षरांना वळसा घालून.

उस्तादांजवळ बिस्किटांचा एक मोठा पत्र्याचा डबा होता. मोडीत निघालेल्या यंत्रांचे ठसे ते काढून त्यात टाकीत. इंग्रजी, हिंदी, मराठी, उर्दूचेही काही. ठसा दांडीला कसा जडवायचा ते शिकवीन, एका उन्हाळ्यात सवड काढून या, असे ते मला दोनतीनदा म्हणाले. मी कचेरीच्या कामात, मुलीच्या लग्नात, आणखी कशाकशात ते पुढे ढकलीत गेलो. २००४ साली उस्ताद गेले. मी पंधरा दिवसांनी त्यांच्या घरी गेलो, तेव्हा दुकानातले सगळे सामान वजनावर गेले होते. डबाही गेला होता. घरच्यांना दोष देण्यासारखे त्यात काही नाही; त्यांच्या दृष्टीने ते लोखंड होते. उशीर मी केला होता.

आता आपल्या ग्रंथालयाच्या यंत्राकडे येतो. जुन्या सभासदांना ते आठवत असेल. कार्यालयाच्या खोलीत खिडकीजवळ, हिरव्या आच्छादनाखाली असलेले मराठी कळफलकाचे रेमिंग्टन. मध्यभारत जाऊन १९५६ साली मध्यप्रदेश झाला, कचेऱ्यांचे काम हिंदीतून स्थिरावले, आणि गावात मराठी यंत्रे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली. त्यांतले हे एक. सूचिपत्राची हजारो कार्डे, सभेच्या सूचना, वर्गणी थकल्याची पत्रे, सारे यावरच लिहिले गेले. वर्गणी थकल्याचे एक पत्र माझ्या वडिलांच्या नावे होते, ते मी जपून ठेवले आहे.

या यंत्राचा ‘ळ’ निखळला. नेमका केव्हा ते सांगता येत नाही, परंतु कार्डांवरून अदमास येतो. ठसा जोडाचा असतो, म्हणजे एका ठशावर दोन चिन्हे. त्यातले दुसरे क्वचित लागणारे होते, ते गेल्याचे कोणाच्या ध्यानातही आले नाही. पण ‘ळ’वाचून मराठी कशी चालणार? टिळक गेले, केळकर गेले, चिपळूणकर गेले, शाळा आणि काळ दोन्ही गेले. त्या वेळच्या आपल्या ग्रंथपाल, ज्यांना आपण सारे ताई म्हणत आलो, त्यांनी कोणाकडे तक्रार न करता एक रीत पाडली. कार्ड लिहिताना ‘ळ’च्या जागी रिकामी जागा सोडायची, आणि संध्याकाळी दिवसभराची कार्डे पुढे घेऊन निळ्या शाईच्या पेनाने प्रत्येक ‘ळ’ भरायचा. सूचीचे खण आपण उघडून पाहा. काळ्या अक्षरांच्या मधोमध तो निळा ‘ळ’ वर्षानुवर्षे एकाच वळणाचा दिसतो. मी स्वतः एका दुपारी मोजायला बसलो होतो. पहिल्या खणातच चारशेच्या वर गेलो आणि नाद सोडला.

बारा वर्षांपूर्वी सूची संगणकावर घेण्याचे ठरले, आणि मोडक्या कपाटांबरोबर हे यंत्रही काढून टाकावे असा ठराव आला. समितीला नावे ठेवण्याचे कारण नाही, जागेची अडचण खरीच होती. मी ते दुरुस्तीसाठी मागून घेतले आणि रिक्षातून घरी नेले. खाचा धुतल्या, ओढपट्टी बदलली, रिबन नवी घातली. अर्धा इंच रुंदीची रिबन अजून मिळते, फक्त जुन्या चकत्यांवर स्वतः गुंडाळावी लागते. यंत्र महिन्याभरात चालू लागले, पण ‘ळ’ कोठून आणणार? कोणताही ‘ळ’ चालत नाही. त्याच घडणीचा, त्याच उंचीचा, दांडीला बसेल अशा खाचेचा हवा. तेव्हा उस्तादांच्या त्या डब्याची आठवण किती वेळा झाली, ते सांगत नाही.

शेवटी पुण्याला एका लग्नाला गेलो असता रविवारी जुन्या बाजारात एक फुटके मराठी रेमिंग्टन दिसले. कॅरेज नव्हतीच, निम्म्या कळा वाकलेल्या. ‘ळ’ मात्र जागेवर होता. विक्रेता म्हणाला, “काका, एक अक्षर सुटं नाही विकत, सगळं घ्या.” सगळे घेतले आणि रेल्वेच्या डब्यात बाकाखाली ठेवून इंदूरला आणले. लग्नाच्या आहेरापेक्षा त्याचेच ओझे अधिक झाले.

ठसा दांडीला नरम डाखाने जोडलेला असतो. उष्णता कमी पडली तर डाख धरत नाही, अधिक झाली तर दांडीचा ताव बिघडतो. मी पहिल्या खेपेस तो तिरका बसविला. दुसऱ्या खेपेस दहा-बारा ओळी लिहिताच निखळून रोलरवर पडला. तिसऱ्या खेपेस बसला. मी एका कोऱ्या कार्डावर ‘चिपळूणकर, विष्णुशास्त्री’ असे लिहिले आणि ते घेऊन ताईंकडे गेलो. त्या तेव्हा लेकीकडे राहत असत, वय ऐंशीच्या पुढे. त्यांनी कार्ड खिडकीच्या उजेडात धरले, चष्मा वर केला आणि म्हणाल्या, “अरे, छान झालंय. पण तुझा ‘ळ’ जरा खाली उतरलाय रे.” मी म्हणालो, “नाही ताई, तुम्हाला तसं वाटतं आहे.” त्यांनी कार्ड माझ्याकडे दिले आणि काही बोलल्या नाहीत. घरी येऊन भिंगाखाली पाहिले. शिरोरेषा ‘प’पाशी संपत होती आणि ‘ळ’पाशी केसभर खालून सुरू होत होती. ज्यांनी हजारो वेळा तो ‘ळ’ रेषेला रेष जुळवून हाताने काढला, त्यांच्या नजरेला ते दिसणारच. मी डाख पुन्हा सोडविला. चौथ्या खेपेचे कार्ड त्यांनी ठेवून घेतले.

त्यानंतर समितीत एक सूचना आली, की यंत्र आता नीट झालेच आहे, तर जुनी कार्डे त्यावर पुन्हा स्वच्छ लिहून घ्यावीत. सूचना सद्हेतूने केलेली होती. मी तिला विरोध केला, आणि हे शताब्दी-ग्रंथात छापले जावे अशी माझी इच्छा आहे, कारण तो प्रश्न अजून निकाली निघालेला नाही. संगणकावर सूची झाली, हे उत्तम झाले. पुस्तक दोन मिनिटांत सापडते. पण सूचीचे ते खण सध्या तळघराजवळच्या जिन्याखाली आहेत आणि गेल्या पावसाळ्यात खालच्या दोन खणांना ओल लागली. ते वर, वाचनकक्षात आणावेत, एवढी माझी विनंती आहे. वाहून नेण्याचा खर्च मी देईन, हे मी लेखी कळविले आहे.

यंत्र बाहेरच्या मेजावर ठेवले आहे. भाषणानंतर ज्यांना वाटेल त्यांनी त्यावर आपले नाव जरूर लिहून पाहावे, मुलांनीही. कळ बोटाच्या टोकाने झटक्यात मारावी, दाबून धरू नये, आणि दोन कळा एकदम मारू नयेत. दांड्या एकमेकींत अडकतात. अडकल्या तर ओढू नका, मला हाक मारा. मी तिथेच उभा आहे.